सोपट

रुबाब तडवी म्हणाला, प्लगच्या भोकातून डिझेल ओता
आणि आठ दिवस तिच्याकडे बघूसुद्धा नका.
पिस्टन धरलाय. धरलेल्याशी झोंबायचं नसतं.

मी भुसावळच्या शेडमध्ये
पाच हजार अश्वशक्तीची इंजिनं उघडते, मिटते,
सही करून रुळावर सोडते.
आणि ही येझदी,
सावद्यात केळीच्या वखारीत पोत्यांखाली तेवीस वर्षं,
सीटमध्ये उंदरांचा संसार,
डाव्या सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीचं घर,
हिच्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

नवव्या दिवशी त्यानं दांडा तळहातानं दाबला.
आत काहीतरी बोटभर सरकलं.
मग मलाही दाबायला लावला.
"आता तिले समजलं, कोन आलंय ते."

टाकीत तापीचे गोटे, वर चिंचेचं पाणी,
दोघांनी दोन बाजूंनी धरून दुपारभर घुसळली.
गंज निघाला तो थेट चहाच्या रंगाचा.
रुबाबची बायको म्हणाली, साखर टाकू का?

दोन गावं, दोन टॉकीज, पिक्चरची पेटी एकच.
सावद्यात एक रीळ संपलं की
नाना ते मागे बांधून फैजपूरला,
तिथलं सुटलेलं घेऊन परत.
मध्ये सात किलोमीटर नुसती केळी.
हिरोचा बाप इकडे मेलेला असायचा
आणि तिकडे अजून पोराला शाळेत सोडत असायचा.
लीलाधर नेहेते या माणसानं
अकरा वर्षांत एकही पिक्चर सलग बघितला नाही.

हेडलाइट उघडला.
मागे वायरीचा एक सांधा सोपटानं बांधलेला.
केळीचं वाळकं सोपट, दुपदरी,
घड बांधताना मारतात तीच गाठ.

कुठल्या तरी रात्री दिवा गेला असणार,
नाना बांधावर उतरले असणार,
चाचपडत खोडाची साल ओढली असणार,
आणि फैजपुरात पडदा पांढरा, शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट.
किंवा यातलं काहीच नसेल.
दुपारी ओट्यावर बसून, पान खाता खाता बांधलं असेल.
मी नानांच्या कानाशी ओरडून विचारलं.
ते म्हणाले, "जेवन झालं माह्यं."

रुबाबनं पक्कड उचलली, खाली ठेवली.
"तांबं गेलं हिचं. हे नाही गेलं."
वायर नवी घातली.
सोपट वाटीत भिजवून मऊ केलं
आणि गाठ मात्र मला मारायला लावली,
तीनदा चुकल्यावर.

पॉइंट घासले काडेपेटीच्या पट्टीनं.
पेट्रोलात तेल, रुबाबच्या मापानं, म्हणजे अंदाजानं.
गिअरचाच दांडा उलटा फिरवला की किक होते,
हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.
मे महिना, पत्रे असे तापलेले की चिमणी टेकत नव्हती.
किक. किक. प्लग काढ, पूस, लाव.
किक.
सतरानंतर मोजायचं सोडलं.

मग एक उलटा दणका, माझी पोटरी बधिर,
आणि लगेच निळा धूर, उजवीकडून नुसताच,
डावीकडून आधी माती.
ते माशीचं घर काढायचं राहूनच गेलं होतं.
फटकन् सुटून रुबाबच्या पायजम्यावर.
तो शिव्या देत होता आणि हसत होता
आणि एक्सलेटर सोडत नव्हता.

नाना काठी टेकत आले.
आवाज नव्हे, धूर पोचला होता त्यांच्यापर्यंत.
टाकीवर तळवा ठेवून बराच वेळ उभे.
मला वाटलं, काही बोलतील.
"तेल जास्त झालं," म्हणाले.
मग मागच्या कॅरिअरकडे बघून, "पेटी कुठी?"

फैजपूरच्या टॉकीजमध्ये आता सिमेंटची पोती असतात.
हे त्यांना माहीत आहे, बहुतेक.
रुबाबनं न बोलता आपली पान्यांची पेटी उचलून
कॅरिअरवर आवळली.

मी दिव्याचं बटण दाबलं.
दुपारचे दोन, बाहेर सगळं पांढरंफटक,
दिवा लागला की नाही काही कळेना.
नाना वाकले.
काचेसमोर दोन्ही हातांची ओंजळ धरली,
आत डोकावले.

"लागला," म्हणाले. "हळू जाय."